ड्राफ्ट गेल्यानंतर: अमेरिकी कॉलेजमधून व्यावसायिक महिला फुटबॉलकडे

एका खेळाडूचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत एनसीएए डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वोच्च श्रेणीत, खेळते, तिसरं वर्ष संपत आलंय, जागा विंगर (कडेची आक्रमक) आणि गरज पडली तर फुल-बॅक (कडेची बचावपटू). ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने कॉलेज खेळाडू निवडण्याची पद्धत) बंद झाल्यावर एनडब्ल्यूएसएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला लीगच्या, क्लबपर्यंत पोचायचं कसं, एजंट कधी घ्यायचा, आणि तिथे नाही जमलं तर पर्याय काय?

ड्राफ्टपासून सुरुवात करावी लागेल, कारण त्याबद्दलचे गैरसमज अजून गेलेले नाहीत. २०१३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत लीग दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंचा ड्राफ्ट घ्यायची. शेवटच्या वर्षी १४ क्लबांनी चार फेऱ्यांत ५६ जणी निवडल्या. निवड झाली की तुमच्याशी वाटाघाटी करण्याचा हक्क त्या एकाच क्लबकडे जायचा. शहर, प्रशिक्षक, खेळण्याची पद्धत यातलं काहीही तुमच्या हातात नसायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात नवा सामूहिक करार झाला आणि ड्राफ्ट रद्द झाला. आता कॉलेजमधून बाहेर पडणारी खेळाडू कुठल्याही क्लबशी थेट बोलू शकते.

हा बदल पहिल्या दहा-पंधरा जणींसाठी फारच चांगला आहे. चाळिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी तो तितकासा नाही. पूर्वी चौथ्या फेरीत नाव आलं तरी निदान प्री-सीझनच्या शिबिराचं बोलावणं बहुतेक वेळा यायचं. करार मिळेलच असं तेव्हाही नव्हतं, पण दार किलकिलं व्हायचं. आता ते दार तुम्हालाच ठोठवावं लागतं, आणि तेही शेवटचा हंगाम संपल्यावर नव्हे, तर त्याच्या आधीच्या वसंतात. म्हणजे तुमच्यासाठी आत्ताच.

क्लबमध्ये जागा किती असतात, हेही नीट पाहा. मुख्य यादी साधारण २२ ते २६ जणींची असते. त्यातल्या बहुतेक जणी चालू करारावर असतात. उरलेल्या मोजक्या जागांसाठी करार संपलेल्या अनुभवी खेळाडू, परदेशातून येणाऱ्या आणि शाळेतून थेट येणाऱ्या मुली अशा सगळ्याच रांगेत असतात. ऑलिव्हिया मोल्ट्री २०२१ मध्ये वयाच्या अटीविरुद्ध कोर्टात गेली आणि पंधराव्या वर्षी पोर्टलँडकडून खेळली. अलिसा थॉम्प्सन २०२३ च्या ड्राफ्टमध्ये हायस्कूलमधूनच पहिल्या क्रमांकावर निवडली गेली. बावीस वर्षांच्या पदवीधर खेळाडूकडे क्लब त्यामुळे ‘घडवू हिला’ अशा नजरेने पाहत नाही. मार्चमध्ये मैदानावर उतरवता येईल का, एवढंच बघतो.

या वसंतात तीन कामं उरका. पहिलं कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन) ऑफिसचं. व्यावसायिक क्लबशी काय बोलता येतं, चाचणीला जाता येतं का, प्रवासाचा खर्च कोणी करायचा, हे सगळं लेखी विचारा आणि उत्तर ई-मेलमध्येच घ्या. एनसीएएचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्या वेगाने बदललेत की सीनियर खेळाडूने दोन वर्षांपूर्वी दिलेला सल्ला आज चुकीचा असू शकतो. दुसरं, मे ते जुलै यूएसएल डब्ल्यू लीग किंवा डब्ल्यूपीएसएल या उन्हाळी लीगमध्ये खेळा. कॉलेज संघातून खेळण्याची पात्रता न गमावता उन्हाळ्यात सामने मिळतात, आणि त्यातल्या काही संघांचे प्रशिक्षक व्यावसायिक क्लबांशी जोडलेले असतात. पण ज्या संघात प्रत्येक सामन्याला साठ-सत्तर मिनिटं मिळतील तोच निवडा. नामवंत संघाच्या बाकावर बसून उन्हाळा घालवला तर दाखवायला काहीच उरत नाही. तिसरं काम व्हिडिओचं. त्याकडे पुढे येतो.

एजंटबद्दल बहुतेकींचा घोटाळा इथेच होतो. एनआयएल करारांसाठी, म्हणजे जाहिराती, सोशल मीडिया, कॅम्प वगैरेंसाठी, एजंट ठेवायला २०२१ पासून परवानगी आहे. खेळाच्या करारासाठी मात्र एजंटशी तोंडी किंवा लेखी ठराव केलात, अगदी ‘पुढच्या डिसेंबरनंतर तूच माझं काम बघ’ इतकाही, तरी पात्रता धोक्यात येते. त्यामुळे उन्हाळ्यात दोन-तीन एजंटांना भेटा, प्रश्न विचारा, पण हो म्हणू नका आणि त्यांच्याकडून जेवणसुद्धा घेऊ नका. शेवटचा सामना संपून पात्रता अधिकृतपणे संपली, की मग सही.

भेटीत तीन गोष्टी विचारा. फिफाचा परवाना आहे का? तो फिफाच्या यादीत स्वतः तपासता येतो. गेल्या दोन वर्षांत कॉलेजमधून किती खेळाडूंचे करार केलेत, आणि त्यातल्या कुणाशी बोलता येईल का? आणि टक्केवारी नेमकी कशावर घेणार, फक्त मूळ पगारावर की बोनस आणि घरभाड्यावरही? पगार कमी असतो तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. आधी पैसे मागणारा किंवा ‘अमुक क्लबमध्ये माझी ओळख आहे, जागा पक्की’ म्हणणारा भेटला तर तिथूनच उठून या.

आता व्हिडिओ. क्लबच्या स्काउटकडे वायस्काउट किंवा हडल या व्हिडिओ-सेवांवर तुमचे सामने बहुधा असतातच. पण कुठला सामना पाहायचा हे त्याला ठाऊक नसतं. चार ते पाच मिनिटांची चित्रफीत आणि सोबत दोन पूर्ण सामने पाठवा. दोन्ही सामने तुमच्याहून बलवान संघाविरुद्धचे असू देत. ५-० ने जिंकलेल्या सामन्यातले तीन गोल कुणालाच पटत नाहीत. पार्श्वसंगीत नको. प्रत्येक क्लिप सुरू होताना तुमच्याभोवती एक वर्तुळ पुरे, चेंडूमागे धावणारे बाण नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लिप कापताना चेंडू पायाशी येण्याआधीचे तीन-चार सेकंद ठेवा. बहुतेक खेळाडू तिथेच कात्री लावतात. स्काउटला मात्र तेच पाहायचं असतं: पास येण्याआधी मान वळवून मागे बघितलं का, शरीर मैदानाच्या बाजूला वळवून ठेवलं की टचलाइनकडे तोंड करून उभी राहिली, पहिला स्पर्श पुढे नेणारा होता की बचावपटूच्या पायात. विंगरच्या चित्रफितीत ड्रिबल आणि क्रॉस असतातच. त्यात चेंडू गमावल्यावर पाच सेकंदांत उलट धावून परत मिळवल्याच्या दोन क्लिप टाका, आणि फुल-बॅक म्हणून एकास-एक अडवल्याच्या दोन-तीन. तुम्ही ‘दोन्ही जागा खेळते’ असं लिहिलंय. ते चित्रफितीत दिसलं नाही तर त्या वाक्याला किंमत नाही.

फुल-बॅक खेळणं ओझं समजू नका, उलट तेच आधी दाखवा. केली ओ’हारा स्टॅनफर्डकडून आघाडीला खेळायची आणि २००९ मध्ये तिला हर्मन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाली. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये मात्र ती अमेरिकेची फुल-बॅक होती आणि एकही मिनिट मैदानाबाहेर बसली नाही. कॉलेजात गोल करणाऱ्या वेगवान मुली पुष्कळ असतात. बचाव शिकायला तयार असलेली वेगवान मुलगी क्लबला त्यातून वेचून काढावी लागते.

सोबत एका पानाची माहिती जोडा: जन्मतारीख, उंची, जागा, कुठला पाय, पासपोर्ट कोणकोणते, पदवी कधी पूर्ण होते, पात्रता कधी संपते, गेल्या तीन वर्षांतल्या दुखापती आणि प्रत्येकीतून परतल्याची तारीख, आणि दोन प्रशिक्षकांचे संपर्क. दुखापत लपवू नका. वैद्यकीय तपासणीत ती निघतेच, आणि मग प्रश्न गुडघ्याचा न राहता विश्वासाचा होतो. हे सगळं मुख्य प्रशिक्षकाला पाठवण्यापेक्षा स्पोर्टिंग डायरेक्टर, जनरल मॅनेजर किंवा स्काउटिंगच्या प्रमुखाला पाठवा. तुमच्या कॉलेज प्रशिक्षकाने एक फोन केला तर तुमच्या दहा ई-मेलपेक्षा जास्त उपयोग होतो. म्हणून उन्हाळ्याआधी त्यांना स्पष्ट विचारा: ‘तुम्ही कुठल्या पातळीसाठी माझं नाव मनापासून सुचवाल?’ उत्तर कदाचित आवडणार नाही, पण पुढची आखणी त्यावरच होते.

शेवटच्या हंगामात एक गोष्ट मुद्दाम साधा: पूर्ण नव्वद मिनिटं. कॉलेजच्या नियमांनुसार बाहेर काढलेली खेळाडू दुसऱ्या अर्ध्यात परत येऊ शकते, त्यामुळे प्रशिक्षक विंगरांना आळीपाळीने वापरतात. पंचवीस मिनिटं जीव तोडून दाबायचं (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचं), दहा मिनिटं बाकावर बसायचं, मग परत आत. व्यावसायिक सामन्यात बाहेर गेलात की परत येणं नाही. बदल पाचच, तेही ठरावीक वेळा थांबून करायचे. ऐंशीव्या मिनिटाला तुमचा वेग किती घसरतो हे क्लबला पाहायचं असतं, आणि तुम्ही कधी ऐंशीव्या मिनिटापर्यंत मैदानावर राहिलाच नसाल तर दाखवायला पुरावा नाही. हे प्रशिक्षकाला सांगायला संकोच वाटतो, पण ऑगस्टमध्येच सांगा.

मग येते सगळ्यात अडचणीची वेळ. कॉलेजचा नियमित हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो. संघ स्पर्धेत पुढे गेला तर डिसेंबर उजाडतो. एनडब्ल्यूएसएलची प्री-सीझन जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होते. मधल्या सहा ते अकरा आठवड्यांत परीक्षा, सुट्ट्या, एजंटची सही, चाचण्या आणि शरीराची डागडुजी हे सगळं बसवायचं असतं. ड्राफ्ट गेल्यानंतर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये निमंत्रितांसाठी कम्बाइन, म्हणजे एकत्रित चाचणी शिबिर, घेतला. तसं निमंत्रण आलं तर जाच, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

शरीराचं गणित असं मांडा. शेवटच्या सामन्यानंतर दहा ते चौदा दिवस धावणं पूर्ण बंद. चालणं, पोहणं, सायकल चालेल. नंतरचे तीन-चार आठवडे पाया घालायचा: आठवड्याला तीन वेळा वजनांचा व्यायाम, दोन वेळा अंतराल धावणं, आणि दोन वेळा कमाल वेगाच्या नव्वद टक्क्यांवर मोजक्याच धावा, ३० मीटरच्या चार ते सहा, मध्ये पूर्ण विश्रांती. शेवटचे दोन आठवडे चेंडूसह आणि माणसांविरुद्ध. एकटीने शंकूंभोवती धावून सामन्याची तयारी होत नाही. महिला फुटबॉलमध्ये ताशी १९ किलोमीटरच्या वर उच्च वेग आणि २३ च्या वर स्प्रिंट अशी मोजणी सर्रास वापरली जाते. कॉलेजच्या जीपीएसची माहिती मागून घ्या, म्हणजे तुमचे आकडे त्याच भाषेत सांगता येतील.

चूक होते ती बहुधा जानेवारीत. एनसीएए ऑफ-सीझनमध्ये सक्तीचा सराव आठवड्याला आठ तासांवर नेऊ देत नाही, आणि क्लबच्या शिबिरात काही दिवस दोन-दोन सत्रं असतात. ज्या मुलीने डिसेंबरभर स्प्रिंट केलेलं नाही ती चौथ्या दिवशी मांडीचा मागचा स्नायू धरून बसते. नॉर्डिक कर्ल (मांडीच्या मागच्या स्नायूसाठी) आणि कोपनहेगन (आतल्या स्नायूसाठी) व्यायाम आठवड्यातून दोनदा, आणि सरावाआधी फिफा ११+ सारखा वॉर्म-अप, यात हयगय नको. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण महिला खेळाडूंत पुरुषांपेक्षा जास्त आहे आणि अशा व्यायामांनी ते कमी होतं. पाळी थांबली असेल किंवा सतत अनियमित असेल तर तो ‘कडक सरावाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय याची ती खूण असते, आणि त्यातूनच पुढे पायाच्या हाडांना तडे जातात. रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा) डिसेंबरमध्येच तपासून घ्या.

शिबिराला बहुतेक जणी करार हातात नसताना, नॉन-रोस्टर (यादीबाहेरची) निमंत्रित म्हणून जातात. जाण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: किती दिवस, राहण्या-प्रवासाचा खर्च कुणाचा, दुखापत झाली तर उपचार कुणाच्या विम्यातून, आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत. तिसरा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. कॉलेजचा विमा त्या वेळी लागू असेलच असं नाही.

शिबिरात पहिले दोन दिवस रोंडो (वर्तुळात चेंडू राखण्याचा खेळ), जागा राखण्याचे खेळ, छोट्या मैदानावरचे सामने. इथे नव्या मुली हमखास एकच चूक करतात: लक्ष वेधून घ्यायचं म्हणून प्रत्येक चेंडूवर ड्रिबल. प्रशिक्षकाकडे ड्रिबलसाठी आधीच दोन महागड्या खेळाडू असतात. त्यांना बघायचंय की तुम्हाला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या फेरीत बदललेली दिसते का. पहिल्या संध्याकाळी सहायक प्रशिक्षकाकडे जाऊन विचारा, ‘आपण दाबायला कधी सुरू करतो? त्यांच्या सेंटर-बॅकने चेंडू घेतल्यावर, की त्यांनी फुल-बॅककडे पास टाकल्यावर?’ दुसऱ्या दिवशी तुम्ही तो इशारा बरोबर ओळखून निघालात की तुमचं नाव लक्षात राहतं. कॉर्नर आणि फ्री-किकमधल्या जागा पहिल्याच दिवशी वहीत उतरवा. सेट-पीसला चुकीच्या जागी उभी असलेली चाचणीवरची खेळाडू कुणीही विसरत नाही.

करार आला तर आधी तो कुठला आहे हे पाहा. मुख्य यादीतला करार असेल तर २०२४ च्या सामूहिक कराराने तुमच्या बाजूने बरंच काही दिलंय: करार हमीचे, तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्या क्लबला पाठवता येत नाही, आणि मुदत संपली की तुम्ही मोकळ्या. किमान वार्षिक पगार २०२५ मध्ये ४८,५०० डॉलर होता आणि २०३० पर्यंत तो ८२,५०० डॉलरवर जाणार आहे. लीगच्या पहिल्या वर्षी, २०१३ मध्ये, तो ६,००० होता, म्हणजे प्रगती झाली आहे. तरीही ४८,५०० म्हणजे महिन्याला कर कापण्याआधी साधारण चार हजार डॉलर, आणि क्लब ज्या शहरांत आहेत त्यातली काही राहायला फार महाग आहेत. त्यामुळे घर किंवा घरभाडं, गाडी, शिकण्याची उरलेली फी यांचं काय, हे सही करण्याआधी विचारा. बदली म्हणून दिलेला अल्पमुदतीचा करारही असतो, राष्ट्रीय संघात गेलेल्या किंवा जखमी खेळाडूच्या जागी. तो वाईट नाही, पण त्यावर वर्षभराचं भाडेपत्र करू नका.

दोन क्लबांचे प्रस्ताव एकाच वेळी हातात असले, तर मोठं नाव आणि थोडा जास्त पगार यांपेक्षा तुमच्या जागेवर तिथे कोण आहे, तिचा करार कधी संपतो आणि तिचं वय काय, हे बघा. पहिल्या व्यावसायिक वर्षात पाचशे मिनिटं खेळलेली मुलगी दुसऱ्या करारासाठी शून्य मिनिटं खेळलेल्या विजेत्या संघातल्या मुलीपेक्षा पुढे असते. क्रोइक्स बेथ्यून जॉर्जिया विद्यापीठातून आली आणि २०२४ मध्ये वॉशिंग्टनने तिला सुरुवातीपासून मैदानावर उतरवलं. पहिल्याच वर्षी तिने दहा असिस्ट दिले आणि सर्वोत्तम नवोदित ठरली. प्रतिभा होतीच, पण ती दिसली मिनिटं मिळाल्यामुळे.

एनडब्ल्यूएसएल नाही जमली तर? अमेरिकेतच ऑगस्ट २०२४ पासून यूएसएल सुपर लीग आहे, तीही पहिल्या श्रेणीची. तिचा हंगाम शरद ऋतूपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणून डिसेंबरमध्ये मोकळी झालेली खेळाडू जानेवारीत मध्येच सामील होऊ शकते आणि मेमध्ये पदवी घेणारी जुलैत. कॅनडात एप्रिल २०२५ पासून सहा संघांची नॉर्दर्न सुपर लीग सुरू झाली, किमान पगार ५०,००० कॅनेडियन डॉलर. पण तिथे परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित आहेत.

युरोपात जायचं तर दिनदर्शिका आधी पाहा. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलँड इथले हंगाम वसंत ते शरद असे चालतात, त्यामुळे डिसेंबरात मोकळ्या झालेल्या कॉलेज खेळाडूला ते नेमके जुळतात. आइसलँडचे क्लब तर अमेरिकी कॉलेजांतून नियमित खेळाडू नेतात. जर्मनी, पोर्तुगाल, स्पेनमध्ये ऑगस्ट ते मे असतो. इंग्लंडच्या वरच्या लीगसाठी व्हिसाआधी गुणांची अट पूर्ण करावी लागते, आणि राष्ट्रीय संघाचे सामने नसलेल्या कॉलेज खेळाडूला ते गुण सहसा मिळत नाहीत. तिथे वेळ घालवू नका. युरोपीय देशाचा पासपोर्ट मिळण्यासारखा असेल, आजी-आजोबांकडून वगैरे, तर कागदपत्रं आत्ताच सुरू करा. क्लबने ‘तुमच्या आधीच्या क्लबला प्रशिक्षण-भरपाई द्यावी लागेल’ अशी सबब सांगितली तर लक्षात ठेवा, फिफाचे ते नियम महिला फुटबॉलला लागूच नाहीत. छोट्या लीगांतल्या करारात पगार निव्वळ आहे की कर कापण्याआधीचा, विमानाचं तिकीट दोन्ही बाजूंचं आहे का, आणि घर एकटीचं की चौघींचं, हे वाचल्याशिवाय सही नको.

तुम्ही स्वतः अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असाल तर वेगळा मुद्दा येतो. क्लबला तुमच्यासाठी पी-१ए सारखा, खेळाडूंसाठीचा, व्हिसा काढावा लागतो आणि यादीतली परदेशी खेळाडूची जागा तुम्हाला द्यावी लागते. ती जागा क्लब बहुधा राष्ट्रीय संघातल्या खेळाडूसाठी राखतो. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. पहिल्या ई-मेलमध्येच ते लिहा.

पदवीचं बोलायचं तर पुढच्या डिसेंबरला किती क्रेडिट उरतील ते या आठवड्यात सल्लागाराबरोबर मोजा. सहा-नऊ उरत असतील तर उन्हाळ्यात संपवा. पंधरा उरत असतील तर ती ऑनलाइन पूर्ण करण्याची परवानगी आधी घ्या, कारण प्री-सीझनमधून वर्गात जाता येत नाही.

आणि मार्च उजाडला, हातात काहीच नाही, असंही होतं. तेव्हा स्थानिक प्रौढ संघात बसून राहण्यापेक्षा मे ते जुलै परत उन्हाळी लीगमध्ये खेळा, नवीन चित्रफीत जूनच्या मध्यापर्यंत तयार करा आणि यूएसएल सुपर लीगच्या क्लबांना ती प्री-सीझनआधी पाठवा. एनडब्ल्यूएसएलचा दुसरा नोंदणी काळही उन्हाळ्यातच उघडतो आणि त्या वेळी जखमी खेळाडूंच्या जागा भरायच्या असतात. एजंटला मार्चमध्येच विचारा की या दोन्हींसाठी तो नेमक्या कुठल्या क्लबांशी बोलणार आहे. नावं सांगता आली नाहीत तर एजंट बदला.